काकांनी तपासलेली बाटली

माझा धाकटा भाऊ परदेशातलं काम आटपून परतताना विमानतळावरून स्कॉचची बाटली घेऊन आला. सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या मोड आणलेल्या सातूपासून केलेली. फळीवरच्या सिंगल माल्टांत सगळ्यांत स्वस्त हीच होती, हे त्याने आल्या आल्या कबूल केलं.

"चांगली हाय का नुसतं नावच मोठं, ते काकांना विचारू की," तो म्हणाला.

काका म्हणजे कसबा बावड्यातले आमचे शेजारी. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली. स्पिरिटचे दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्यायचे आणि मळी ताजी होती की जुनी ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर गल्लीने त्यांच्या नाकाला कामाला लावलं. कुणी तूप घेऊन यायचं, कुणी मध, कुणी अत्तर. मी स्वतः गेल्या दिवाळीत त्यांच्याकडून तूप तपासून आणलं होतं.

रविवारी दुपारी जेवणाआधी ते आले. स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या खुर्चीत बसले. आत शेगडीवर सुकं मटण होतं आणि बायको गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती. भावाने तीन ग्लासांत थोडी थोडी ओतली. काकांनी ग्लास उजेडाला धरला, फिरवला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"सफरचंद," ते म्हणाले. "मध. आनि व्हॅनिला."

बाटलीचं खोकं काकांच्या समोरच पडलं होतं. त्यावर इंग्रजीत हीच तीन नावं होती, याच क्रमाने. मला जरा चमत्कारिक वाटलं. काका कधी असं बोलायचे नाहीत. ते म्हणायचे, चिपाडाचा वास येतोय, ओल्या पोत्याचा येतोय.

तेवढ्यात करपल्याचा वास नाकात शिरला. भाऊ उठून आत धावला. मटण खाली लागून धूर निघत होता. मी खिडक्या उघडल्या. वासाने गच्चीवरून बायको धावत खाली आली. आणि दाराला अगदी लागून बसलेले काका आमच्याकडे बघत विचारत होते, "काय झालं रं?"

भाऊ हसत बाहेर आला. "काका, नाक घरी ठेवून आलाय काय?"

काका हसले नाहीत. ग्लास टेबलावर ठेवून म्हणाले, "गेलंय. दोन वरसं झाली. तो ताप आला न्हवता का, तवापासनं कशाचाच वास न्हाय."

भावाचा चेहरा उतरला. मला दिवाळीचं तूप आठवलं. त्या दिवशी काका बराच वेळ ते बोटांत चोळत होते, उन्हात धरून बघत होते. मला वाटलं होतं, केवढी बारकाई!

"सांगायचं न्हाय का काका?" मी म्हणालो.

"काय सांगू? लोक दारात येतात ते नाकासाठीच. दूध नासलेलं कळत न्हाय मला. गॅस चालू राहिला असंल म्हणून चारचारदा उठून बघतो. काकीला बी सांगितलं न्हाय."

मग मी माझा ग्लास उचलला. "मी वास घेतो, तुम्ही पारख करा."

"तुला जमायचं न्हाय," ते म्हणाले, पण खुर्ची पुढे ओढली. "चमचाभर पानी घाल. थांब जरा. आता तोंड किंचित उघडं ठेवून वास घे. घाई करू नगो."

मी घेतला. "गोड आहे."

"गोड म्हंजे? गूळ, काकवी का साखर?"

पुन्हा घेतला. "काकवी. गरम नव्हे, गार झालेली. आणि मागून सुताराच्या दुकानातला भुसा."

"पिकलेला पेरू," भाऊ हळूच म्हणाला. "थोडासा."

काकांनी मान हलवली, मग घोट घेऊन तो बराच वेळ तोंडात घोळवला. "अंग पातळ हाय. जिभंच्या शेंड्याला चटका देती, पर घशात भांडत न्हाय. शेवट मात्र लवकर संपतोय. वय कमी हाय, कुठं लबाडी न्हाय. पावण्याम्होरं ठिवायला लाज वाटायची न्हाय."

दोन वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं बोलताना ऐकलं नव्हतं. खाली लागलेलं तेवढं सोडून आम्ही वरचं मटण खाल्लं. निघताना काका म्हणाले, "चल माझ्यासंगं. आता तिला बी सांगून टाकतो."

काकी अंगणात सुपात शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही.

"मला कवाच कळलंय," त्या मला म्हणाल्या. "लग्न झाल्यापासनं रोज माझ्या आमटीत खोट काढली यांनी. आनि दोन वरसं झाली, काय बी वाढा, बेस झालंय म्हनत्यात. मानूस असा बदलतोय व्हय? आपनहून सांगतील म्हणून गप बसले."

काका पायरीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काकींनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

त्याच आठवड्यात मी दोघांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रोज चार वासांचा सराव सांगितला. आता सकाळी काकी डब्या घेऊन समोर बसतात, काका डोळे मिटून ओळखू बघतात. गेल्या महिन्यात लवंग ओळखली. लिंबाला मात्र अजून रॉकेल म्हणतात.