आधी विचारायचं

२००५ च्या सुमारास जर्मनीतल्या आखन शहराच्या बसमध्ये एक मराठी मुलगी मला रोज भेटायची. तिची पुण्याची समाजकार्याची पदवी इथे पुरत नव्हती. सरकारी मान्यतेसाठी वृद्धाश्रमात वर्षभर उमेदवारी आणि शेवटी तोंडी परीक्षा होती. पहिल्याच अहवालात शेरा आला होता: मदतीची घाई करते.

एकदा एक आजी वॉकर घेऊन बसमध्ये चढू लागल्या. तिचे हात पुढे झाले आणि पुन्हा कोटाच्या खिशात गेले. मदत करू का, असे तिने विचारले. "नाइन," असा नकार देत आजी स्वतःच चढल्या.

"एवढं शिकायला वर्ष गेलं," ती मला म्हणाली. "आपल्याकडे विचारतो का कधी?"

परीक्षेच्या संध्याकाळी ती फुलांचा गुच्छ, फाइल आणि छत्री सांभाळत चढली. पास झाल्याचे तिने दारातूनच सांगितले. मी फाइल घ्यायला हात पुढे केला.

"अहो, आधी विचारा!"

मी विचारले. तिने तिन्ही वस्तू माझ्याकडे दिल्या.