पाचोडची किल्ली

पाचोड सोडलं तेव्हा टेम्पोत जागा होती, तरी मी जातं उचललं नाही. गुरुजी म्हणाले, "राहू दे. दोन वर्षांची तर मुदत." गुरुजी म्हणजे माझा नवरा, शाळामास्तर. शिक्षक संघटनेनं त्यांना जिल्ह्याचे पुढारी केलं, म्हणून शहरात, पडेगावच्या शाळेत बदली घेतली. माझी आई वेशीपर्यंत आली. म्हणाली, "घराची किल्ली तुझ्या पदराला बांध. पुढाऱ्याच्या खिशात देऊ नको."

शहरातल्या पुंडलिकनगरात दोन खोल्या घेतल्या. सकाळपासून तिथं बदलीचे अर्ज घेऊन माणसं बसलेली. मी चौथी शिकलेली, पण चहा देता देता सगळे नियम पाठ झाले. धरणं असलं की गल्लीतून घरोघर भाकरी गोळा करायच्या, तेही माझंच काम. मुदत सरली, पुन्हा निवडून आले. परत कधी जायचं विचारलं की म्हणायचे, "आधी लोकांचं होऊ दे."

एक दिवस एक तरुण शिक्षिका पेढे घेऊन आली. "वहिनी, बदलीच्या यादीत पाचोडच्या जागेवर सरांचं नाव पहिलं होतं. त्यांनी सोडली म्हणून मला मिळाली. सासरे तिकडंच शेजारच्या गावी अंथरुणावर आहेत माझे."

मला हे तेव्हा कळलं. गुरुजींनी पेपरात तोंड घातलं.

"वाचा, वाचा," मी म्हणाले. "आपली बातमी आलीय का बघा."

पेढा खाल्ला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. मग ती म्हणाली, तिथं भाड्यानं घर मिळंल का? मी पदराची गाठ सोडली आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

आता गुरुजी नाहीत. परवा घर परत मागायचं ठरवूनच पाचोडला गेले. ती शिक्षिका रिटायर झाली, पण तिथंच आहे. माझ्याच दारात मला म्हणाली, "या वहिनी, बसा." माझ्या जात्यावर तिनं तुळशीची कुंडी ठेवलीय. घर सोडायला ती तयार होती. पण दुपारपर्यंत दारात कुणी अर्ज घेऊन आलं नाही, कुणी भांडलं नाही. मीच एसटीची वेळ विचारली.

पाचोडच्या शेजारणींनो, तुम्ही हसलात, "आली तशी पळाली." व्हय, पळाले. तिथं गेले की इथलं दार दिसतं, इथं बसले की ते जातं. बूड कुठंच टेकत नाही.

पुंडलिकनगरात पोचले तर दोन अंगणवाडीसेविका पायरीवर बसलेल्या. "आजी, उद्या धरणं आहे."

"किती जणी बसणार ते सांगा," मी म्हणाले. कुलूप मग उघडलं.