चिमट्यात अडकवलेली निळी पाटी

बातमी आली तेव्हा मी इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, इंडियन ग्रोसरीसमोर गाडीत बसलो होतो. बायको आत भाजी घेत होती, बाहेर बर्फाचा नुसता चिखल. फोन सुजाताचा, मिलिंदच्या बायकोचा. "भाऊजी, मिलिंद गेला," एवढंच म्हणाली. माझ्या समोरच अपंगांच्या पार्किंगची निळी पाटी होती आणि तिच्याखालची जागा रिकामी होती. माझं डोकंच फिरलं. रिकाम्या जागेचा इतका राग येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मिलिंद नागपूरचा, इंदोरा वस्तीतला. मी तिथल्याच महाल भागातला. तिकडे आयुष्यात कधी भेटलो नाही, भेटलो इथल्या गिअरबॉक्सच्या कंपनीत. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून हा कॅन्टीनमध्ये मागून म्हणाला, "काऊन बे, नागपूरचा काय?" तेव्हापासून आमची जोडी. त्याची एक जुनी, जडशीळ मोटरसायकल होती. मिशिगनमध्ये गाडी बाहेर काढायला वर्षातले जेमतेम सहा महिने मिळतात, आणि त्या महिन्यांत हा माणूस घरी सापडायचा नाही. कधी ॲन आर्बरला कॉफी प्यायला, कधी उगाचच कुठल्यातरी तळ्यापर्यंत. मी मागे बसायचो आणि जीव मुठीत धरून असायचो. त्याला त्याचीच मजा वाटायची.

मग त्याला दम लागायला लागला. जिना चढताना, बर्फ उपसताना. सगळ्यांनी नेहमीचे सल्ले दिले, वजन कमी कर, योगा कर. निघालं भलतंच. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या अरुंद होत जातात आणि हृदयावर ताण येतो, असा काहीसा आजार. बरा होणारा नव्हता. वाईट म्हणजे बाहेरून काहीच दिसत नव्हतं. रुंद छाती, लेदरचं जॅकेट, केस काळेभोर. पण पार्किंगमधून दुकानाच्या दारापर्यंत जाताना तो मध्येच थांबायचा आणि खिशातून फोन काढून बघत राहायचा. फोनमध्ये काही नसायचं. लोकांना वाटू नये की हा दमलाय, म्हणून.

डॉक्टरांनी त्याला अपंगांच्या पार्किंगचं परमिट दिलं. मोटरसायकलचं काय, विचारलं तर म्हणाले, चक्कर येत नाही तोवर चालव. "बसलेला असलो की मी एकदम ठणठणीत असतो बे," तो मला म्हणाला. आता परमिट म्हणजे एक छोटी निळी पाटी, गाडीच्या आतल्या आरशाला टांगायची. मोटरसायकलला आतला आरसा कुठून आणणार? यानं सुजाताचा कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा उचलला आणि पाटी ब्रेकच्या केबलला लावून टाकली. चोरीला जाईल रे, मी म्हटलं. "जाऊ दे, चोराचेही पाय दुखत असतील."

लोक बोलायचेच. एकदा सीटवर शिव्यांची चिठ्ठी होती. एक गोरी बाई त्याला दुकानात जाईपर्यंत सुनावत राहिली. आणि आपली माणसं? इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की अपंग असून बाइक उडवता येते, तर हा रोग आम्हालाही पाहिजे. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी त्या माणसाला फोन करून वाट्टेल ते बोललो. मिलिंद मलाच म्हणाला, "काऊन तापून राहिला बे? त्याले काय दिसते?"

ऑक्टोबरमध्ये मंडळाचं नाटक होतं, शाळेच्या थिएटरमध्ये. सुजाता पहिल्यांदाच रंगमंचावर उभी राहणार होती. महिनाभर मिलिंद स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिचे संवाद पाठ करून घेत होता. ती आणि मी दुपारपासून आत, मी सेट लावत होतो. तो संध्याकाळी एकटाच आला, गाडीवर. थंडीच्या आधीची शेवटची चक्कर, असं म्हणाला होता.

आमच्या मंडळात एक पक्का समज आहे. निळ्या पाटीच्या जागा म्हणजे इंडियाहून आलेल्या आई-बाबांच्या जागा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांकडे कुठलं परमिट? पण शनिवारी शाळेत कोण बघायला येतं, म्हणून चालून जातं. त्या दिवशी पार्किंगला वसंतकाका होते, नारिंगी जॅकेट घालून. काका वाईट माणूस नाही, कुणाच्याही मदतीला धावणारा. मिलिंदनं गाडी लावली तसे ते आले आणि म्हणाले, जवान माणूस तू, मागच्या पार्किंग लॉटमध्ये लाव, ज्येष्ठांना लागेल ही जागा. यानं चिमट्यातली पाटी दाखवली. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, आपल्या माणसांत कसलं परमिट!"

वडीलधाऱ्या माणसाशी वाद नको, म्हणून मिलिंदनं गाडी हलवली. मागचा लॉट मैदानापलीकडे, आणि तिथून वर चढ. नाटक सुरू झालं. सुजाता आली, बोलली, एकही वाक्य चुकली नाही. विंगेतून मला दिसत होतं, तिची नजर सारखी दुसऱ्या रांगेतल्या त्या एका रिकाम्या खुर्चीकडे जात होती... मध्यंतरात कुणीतरी सांगत आलं की बाहेर फुटपाथच्या कडेला एक माणूस बसलाय, मांडीवर हेल्मेट आहे. मी धावत गेलो. मिलिंदचे ओठ निळे पडले होते. मला बघून त्यानं आधी विचारलं, "झालं का रे तिचं काम?"

पार्किंगमध्ये काय झालं ते त्यानं मला नंतर हॉस्पिटलमध्ये सांगितलं, अडखळत. काकांनी त्याला मारलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाले, आजार वाढतच होता. पण त्यानंतर तो गाडीवर बसला नाही, एकटा कुठे गेला नाही, आणि थंडी संपायच्या आत संपला. बायकोचं नाटक बघायला गेला होता, ते बघता आलं नाही, हे मात्र माणसांनी केलं. ते मी कुणाला माफ करणार नाही.

तो गेल्यावर काका सुजाताला भेटायला आले. रडले. "सुजाता, खरं सांगतो बेटा, त्याच्याकडे बघून काही दिसतच नव्हतं गं."

सुजातानं त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, "काका, चिमटा तर दिसत होता ना?"

काकांनी पेला हातात तसाच धरून ठेवला. पाणी प्यायले नाहीत.

मिलिंदची गाडी अजून सुजाताच्या गॅरेजमध्येच आहे. बॅटरी उतरू नये म्हणून मी रविवारी जाऊन चालू करतो, थोडा वेळ वर बसतो, बंद करतो. पाटी सुजातानं सरकारी ऑफिसात परत केली, करावी लागते. चिमटा केबलवर तसाच आहे, रिकामा. परवा एक गिऱ्हाईक गाडी बघून गेलं, म्हणून मी तो काढायला हात घातला. सुजाता दारातच उभी होती.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "गाडी घेईल त्याला विचारू तर द्या, हे काय आहे म्हणून."