ओ आल्याशिवाय हात नाही

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात रामदासची एकवीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्याच्या हातून काही पडलं नव्हतं की सांडलं नव्हतं. बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण जिथे लोखंडी पाना चालत नाही, पितळी लागतो, आणि आत शिरण्याआधी तांब्याच्या पत्र्यावर तळहात टेकवून अंगातली वीज उतरवून ठेवावी लागते, तिथे एकवीस वर्षं काहीच न घडणं हीच मोठी कर्तबगारी.

तिथल्या शेडमध्ये कुणी एकट्याने काम करत नाही. जोडी असते. रामदासचा जोडीदार वैजनाथ, परळीकडचा, वयाने सहा वर्षं मोठा. काहीही उचलायचं, फिरवायचं, सरकवायचं, तर आधी एकाने हाक द्यायची, "उचलू?" दुसऱ्याने हातातलं थांबवून त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि म्हणायचं, "उचल." वैजनाथने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ओ आल्याशिवाय हात हलवायचा नाही. अन् ओ तोंडानं नसतो गड्या, डोळ्यानं असतो. मान खाली घालून हो म्हणणाऱ्यापासून लांब राहा."

आठ तास रामदास असा दुसऱ्याचं तोंड वाचायचा. मोबाईल गेटवर जमा असायचा, बदल्यात पितळी बिल्ला. संध्याकाळी बिल्ला देऊन मोबाईल हातात आला, की मग मात्र त्याला कुणाचंच तोंड बघावंसं वाटायचं नाही. घरी येऊन खुर्चीत बसला की कुस्त्यांचे व्हिडिओ सुरू. समोरून कुणी काही बोललं तर "हं." त्याला वाटायचं, हे आपल्या हक्काचं आहे.

मार्चमधल्या एका बुधवारी सव्वापाचला तो क्वार्टरचा जिना चढला आणि दारातच थबकला. गॅसचा वास. पुसट नाही, घशाला लागणारा.

"कुणी स्विचला हात लावू नका!" तो ओरडला. घरातून उत्तर आलं नाही.

दार लोटलेलंच होतं. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण तसंच चालू. आतल्या खोलीत त्याची बायको रुपाली शिलाई मशीनवर वाकून मोबाईलमध्ये ब्लाउजचे गळे बघत होती. दार लावलेलं, पंखा जोरात. आणि पुढच्या खोलीत त्याची नववीतली मुलगी वैष्णवी, कानात इयरफोन घालून, चार्जरची पिन सॉकेटमध्ये खोचत होती. दुसऱ्या हाताचं बोट स्विचवर.

रामदासने झेप घेतली आणि तिचं मनगट धरलं. एवढं घट्ट, की ती किंचाळली.

खिडक्या उघडल्या, शेगडीचं बटण बंद झालं, सिलिंडरचं रेग्युलेटर बंद झालं. पाच मिनिटांत सगळे जिन्यावर उभे होते. एकवीस वर्षांत कारखान्यात जे घडलं नाही ते घरात घडायला एक बोट शिल्लक होतं.

"वास आला नाही तुम्हाला? मी ओरडलो ते ऐकलं नाही?"

रुपाली पांढरीफटक पडली होती. वैष्णवी मनगट चोळत म्हणाली, "पप्पा, मोबाईल तीन टक्क्यांवर होता हो." आणि रडायला लागली. रामदासला तिचा संताप आला. जीव जायची वेळ आली अन् हिला टक्क्यांचं पडलंय!

दुसऱ्या दिवशी त्याने घरातच गेट उभारलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याला कडी, कडीला कुलूप. संध्याकाळी पाच ते नऊ मोबाईल आत. बिल्ले म्हणून कॅरमच्या दोन सोंगट्या, एकीवर एक, दुसरीवर दोन असा आकडा रंगवलेला.

"तुमचा कुठाय?" रुपालीने विचारलं.

"मला कामावरून फोन येऊ शकतो."

"हो का? एकवीस वर्षांत किती आले?" ती म्हणाली. "आणि अहो, झडतीही घेत चला. काजाच्या दोऱ्यात काही लपवलं असलं तर?"

"मला आऊटपास कुणाकडे मागायचा?" वैष्णवी म्हणाली. पण हसली नाही.

डब्यामुळे घर शांत झालं. रामदासला मात्र त्या शांततेची भीती वाटू लागली. मशीनची खडखड तेवढी चालायची. वैष्णवी पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही. डब्यात मोबाईल थरथरला की पत्रा वाजायचा, आणि त्या आवाजासरशी तिचे खांदे वर जायचे. एकदा ती त्याला पाणी द्यायला आली, तर तांब्याभांडं एकमेकांवर टकटक वाजत होतं. रामदासने तिच्या हाताकडे पाहिलं. असे हात त्याने शेडमध्ये पाहिले होते. असा हात दिसला की वैजनाथ त्या माणसाला गोड बोलून घरी पाठवायचा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने डब्याचं सगळं सांगून विचारलं, "वैजनाथभाऊ, पोरांचा मोबाईल कमी केला की हात थरथरतात का हो?"

वैजनाथने भाकरी मोडली. "तुझी पोरगी तुला हाक मारते का?"

"घरातच असते की. हाक कशाला मारील?"

"मारते का ते विचारलं."

रामदासला आठवेना.

"गेट तर झकास लावलंस," वैजनाथ म्हणाला. "जोडीला कोण दिलंस तिच्या?"

त्या संध्याकाळी रुपाली शिवलेले ब्लाउज द्यायला विश्रांतवाडीला गेली होती. ओव्हरटाइम करून रामदास साडेसहाला घरात आला, डबा उघडला आणि स्वतःचा मोबाईल आत ठेवला. वैष्णवीचा मोबाईल आधीच आत होता. तिने पाहिलं. कॅरमच्या पेटीतून आणखी एक सोंगटी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"चहा करू या," तो म्हणाला. "तू कर. मी शेजारी उभा राहतो."

त्या बुधवारपासून ती शेगडीजवळ फिरकली नव्हती. ती मागे सरली.

"आम्ही करतो तसं करायचं. तू विचारायचंस, मी ओ द्यायचा. ओ आल्याशिवाय हात नाही."

तिने लायटर धरला. "लावू?"

रामदासने तिच्या तोंडाकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहत होता कोण जाणे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, ओठ सोललेला होता.

"लाव."

निळी ज्योत पेटली. "पाणी ओतू?" "ओत." "आलं?" "किस." तिसऱ्या-चौथ्या हाकेला तिचा आवाज जरा मोकळा झाला. दूध वर येऊ लागलं तसा तिने गॅस बारीक केला आणि पातेल्याकडेच बघत विचारलं, "पप्पा, एक सांगू?"

"हं" त्याच्या जिभेवर आलाच होता. त्याने तो गिळला, गॅस बंद केला आणि तिच्याकडे वळला. "सांग."

"गेममध्ये एकजण आहे. साई नावाची. वाघोलीच्या कॉलेजात आहे म्हणाली. मी तिला माझा फोटो पाठवला. शाळेच्या ड्रेसमधला, साधा." "ती मुलगी नाहीये, पप्पा. आता म्हणतो दुसरे फोटो पाठव. तसले. नाहीतर माझ्या फोटोचं काहीतरी घाणेरडं बनवून शाळेच्या ग्रुपवर टाकणार."

रामदासच्या कानात शिट्टीसारखं काहीतरी वाजायला लागलं.

"कधीपासून?"

"त्या बुधवारी सहापर्यंतची वेळ दिली होती. म्हणून तर चार्जर लावत होते. बंद पडला असता तर त्याला वाटलं असतं, मी मुद्दाम बंद केला. मग रडून रडून दिवस मागून घेतले. रोज नऊला डबा उघडला की वीस-वीस मेसेज असतात." ती त्याच्याकडे वळली. "त्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"मला?"

"तुमच्या खुर्चीशी उभी होते. म्हटलं, पप्पा, एकजण मला त्रास देतोय. तुम्ही हं म्हणालात."

कोणती कुस्ती होती ती, तेही रामदासला आठवलं. ओरडावंसं वाटलं, त्या नालायकावर, तिच्यावर, स्वतःवर. पण शेडमध्ये ओरडत नाहीत. दचकलेल्या माणसाच्या हातून वस्तू पडते. त्याने ओट्याची कड धरली.

"तू काही पाठवलंस?"

"नाही."

"बरं. यात तुझी चूक नाही. अजून काय? सगळं सांग."

"आज सातपर्यंतची वेळ आहे. आज शेवटचं म्हणालाय."

भिंतीवर पावणेसात झाले होते. ज्या डब्याला आपण घराचं गेट समजलो, त्याच्याच आत तो माणूस रोज संध्याकाळी पत्रा वाजवत बसला होता, आणि पोरगी एकटी ऐकत होती.

"त्याला उत्तर द्यायचं नाही," तो हळू म्हणाला. "काही पुसायचंही नाही, सगळे मेसेज जपून ठेवू. आई आली की तिघं मिळून चौकीत जाऊ. त्याने काही टाकलंच, तर शाळेत मी येतो. पुढे मी, मागे तू."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर जोडी लागते."

तेवढ्यात डबा थरथरला. पत्र्याचा तो कर्कश आवाज घरभर झाला. वैष्णवीचे खांदे वर गेले, पाय डब्याकडे वळले, आणि मग ती थांबली. तिने मान वळवून बापाकडे पाहिलं.

"पप्पा, उघडू?"

रामदासच्या तळहातांना घाम सुटला होता. त्याने तो पँटला पुसला, तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"उघड. थांब, चष्मा घेतो."