कपाळावर आवळलेली पट्टी

आमची लेक जन्मजात बोलघेवडी. परदेशातल्या आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये ती शाळेतून येतेय हे लिफ्टपासूनच ऐकू यायचं. नवव्या वर्षी तिने जुरोंग ईस्टला चिनी ऑपेराच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा मी खूश झाले. म्हटलं, गळा तरी कामी येईल.

गळा राहिला बाजूला. मास्तरांनी आधी चालायला शिकवलं. सत्तरी ओलांडलेले, हसरे गृहस्थ. उभा जन्म त्यांनी रंगमंचावर बायकांचीच कामं केलेली. दोन गुडघ्यांत कागद धरायचा आणि तो पडू न देता चालायचं. नजर खाली. हसायचं तर बाहीआड. दुखलं तरी कण्हायचं नाही, खानदानी बाई कण्हत नाही. आमच्याकडेही एकेकाळी पुरुष नट नऊवारी नेसून उभे राहायचे आणि घरच्या बायका त्यांच्यासारखा पदर घ्यायला शिकायच्या, तेव्हा मी नाक मुरडण्यात अर्थ नव्हता. पण लेक घरातही कागद धरून चालायला लागली आणि मला धडकी भरली. दाखवण्याच्या कार्यक्रमात पाहुणे मला "जरा चालून दाखव" म्हणाले होते. मी मुकाट्याने चालले होते.

"अगं, हौस आहे पोरीची. तू कशाला डोक्यात घेतेस?" नवरा म्हणाला.

ऑपेराच्या वर्गाचा कार्यक्रम रविवारी दुपारी होता. डोळे आणि भुवया वर ताणल्या जाव्यात म्हणून कपाळावर ओली पट्टी करकचून आवळतात आणि त्यावर केसांचा टोप बसवतात.

"दुखतंय का गं?" मी रंगपटात तिला विचारलं.

तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

रंगमंचावर ती नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली बायको होती. पांढऱ्या-गुलाबी रंगाखाली खरा चेहरा कळायला मार्गच नव्हता. दुसऱ्या गाण्यात तिचा झोक गेला. सावरली. लांब पांढरी बाही तोंडाशी गेली आणि टाळ्या पडल्या.

"वाह, युअर डॉटर सो जेंटल लाह!" शेजारच्या आंटी मला म्हणाल्या.

पुन्हा झोक, पुन्हा टाळ्या. नाजूक बाई आणि भोवळ येणारं पोर लांबून अगदी सारखंच दिसतं. मी उठले.

"बस ना खाली, सगळे बघतायत," नवऱ्याने मनगट धरलं.

"बघू देत की!" मी ओरडले आणि स्टेजवर धावले. टोप उपसून काढला, पण पट्टीची गाठ मला सुटेना. मास्तरच विंगेतून धावत आले आणि त्यांनी ती एका झटक्यात सोडली. लेक माझ्या कुर्त्यावर भडाभडा ओकली. मास्तर पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होते. मला त्यांचा संतापही आला आणि कीवही.

क्लिनिकला जाताना टॅक्सीत ती माझ्या मांडीवर पडून होती. कपाळभर जांभळा वळ.

"एवढं तोंड दिलंय देवाने, मग पट्टी सोडा म्हणून सांगायचं नाही का गं?"

"आय वॉन्टेड टू," ती पुटपुटली. "बट व्हेन आय ऑलमोस्ट फेल, दे क्लॅप्ड मोअर, आई."

क्लिनिक येईपर्यंत मी तिला क्षणभरही गप्प बसू दिलं नाही.