शिट्टी वाजली होती का

एका मंगळवारी आई फूटपाथवर पडली. मागून एकचाकी आली होती. आईच्या खुब्याचं हाड मोडलं. एकविसाव्या दिवशी ती गेली.

एकचाकी समोरच्या घरातल्या भाऊंची. विजेवर पळणारं एकच जाड चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या. बसायला जागा नाही, धरायला दांडा नाही. पुढे झुकलं की पळते, मागे रेललं की थांबते. आवाज जवळजवळ नाहीच. भाऊ तिच्यावरून कामावर जातात, आणि आम्ही राहतो त्या लेआऊटबाहेरच्या रस्त्यावर दिवसभर कोळशाचे ट्रक असतात, म्हणून फूटपाथ धरतात.

"मी शिट्टी वाजवली होती, ताई," ते दवाखान्यात म्हणाले. दुसऱ्या दिवशीही हेच म्हणाले. तेराव्याला जेवायला बसले तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले. एखादं वाक्य इतक्या वेळा आलं की मला त्याचा संशय येतो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. खोडलेल्या ओळीखाली काय होतं ते पाहायची सवय आहे. त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीची दोरी मला नवी वाटली. त्यांच्या घरून डबा आला की मी तो घेत असे, आणि झाकण उघडताना विचार करत असे, हे कशासाठी?

मग लेआऊटच्या समितीने कळवलं, की एकचाकीला फूटपाथवर रीतसर परवानगी द्यायची आहे, कोणाची हरकत असेल तर रविवारच्या सभेत लेखी द्यावी. भाऊंसारखे आणखी दोघं आता ती घेणार होते. मी त्याच दिवशी लिहून काढलं : 'शिट्टी न वाजवता मागून आल्यामुळे माझ्या आईचा मृत्यू झाला.' वाक्य चांगलं उतरलं होतं. फक्त ते खरं आहे का, हे मला माहीत नव्हतं.

त्या मंगळवारी तिथे आणखी एकच माणूस होतं. वळणावर बांबूच्या टोपल्या आणि सुपं घेऊन बसणारी बाई. ती आईच्याच भागातली, एटापल्लीच्या जंगलाकडची. आई भाजीला निघाली की तिच्याजवळ थांबून गोंडीत बोलायची. मला गोंडी समजते, बोलता येत नाही.

शनिवारी मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"सूप पाहिजे का?"

"नाही. आई पडली त्या दिवशी शिट्टी वाजली होती का?"

तिने सुपाची कड वळवणं थांबवलं नाही. "इतके दिवस कुठी होत्या? रोज इथूनच तर जाता, पुस्तकात पाह्यल्यासारखं खाली पाहत."

"वाजली का, बाई?"

"वाजली ना. दोनदा वाजली. म्हणून तर थांबली म्हातारी."

"थांबली?"

"वळली, पाय रोवले, काठी आपटली. मोहफुलं वेचताना मांगं काही वाजलं तर काय करते माणूस? पळते का?"

मला ते शिकवलेलं होतं. लहानपणी पहाटे मोहाखाली आई सांगायची, मांगं खुसफुस झाली तर पळू नको, पाठ दाखवू नको. वळ, उभी राह्य, काठी आपट, आपण हाव हे वाघाले दिसू दे. पन्नास वर्षं तिने तसंच केलं होतं आणि प्रत्येक वेळी घरी आली होती.

"त्याले वाटलं म्हातारी बाजूले होईन," बाई म्हणाली. "तिले वाटलं तो होईन. वाघ होते ना बाजूले. हा काऊन होईन? त्याच्याजवळ शिट्टी हाये." मग सूप पुढे सरकवलं. "घेऊन जा. तिनंच सांगितलं होतं करायले."

सूप घेऊन परतत असताना मागे शिट्टी वाजली. भाऊच होते. मी विचार करायच्या आत फूटपाथवरून खाली उतरले होते. ते हात जोडून पुढे गेले.

घरी येऊन मी 'शिट्टी न वाजवता' खोडलं. मग उरलेलंही खोडलं आणि नवा कागद घेतला.

रविवारी सभेत आधी दुसरेच बोलले. "रस्त्यानं न्या ना तुमचं चाक!" "ट्रकखाली घालता का मले?" भाऊ ओरडले. लोक हसले. मग मी उभी राहून कागद वाचला : 'शिट्टी वाजली होती. आई ती ऐकून थांबली. थांबलेल्या माणसाला फूटपाथवर जागा असली पाहिजे. समोर कोणी थांबलं तर चाकावरच्याने उतरावं.'

"मी दोनदा वाजवली होती, ताई," भाऊ हळू म्हणाले. "पण उतरलो नाई."

हे वाक्य ते पहिल्यांदाच बोलत होते.

परवानगी मिळाली. उतरण्याचा नियमही लागला, वळणावर पाटी आहे. सकाळी एकचाकी निघाली की मी खिडकीशी जाते आणि समोर कोणी थांबलं की भाऊ उतरतात का ते पाहते. आतापर्यंत उतरले आहेत. तरी मी पाहते.

सूप स्वयंपाकघरात आहे. काठी दाराशी आहे.