मोरपिसारा आणि न्यू मोरपिसारा

आमच्या अचलपुरातल्या शिलाई मास्तरांनी दुकानाचं नाव जपलं, तसं लोक पोटचं पोरही जपत नाहीत. त्यांचं स्वतःचं नाव मात्र गल्लीत कोणालाच धड ठाऊक नव्हतं.

दुकान 'मोरपिसारा ड्रेसेस'. मी बाजूलाच फुलं विकायची, म्हणून हा तमाशा मला फुकटात पाहायला मिळाला. कॉलरच्या आत मास्तर दुकानाचं लेबल असं पक्कं शिवत, की आमच्या ह्यांचा शर्ट विरला, त्याचं फडकं झालं, फडक्याच्या चिंध्या झाल्या, लेबल जसंच्या तसं. रस्त्यात कोणाच्या अंगावर नवा शर्ट दिसला की मास्तर मागून जाऊन कॉलर उलटी करून पाहत. एकदा तर ऐन अक्षतांच्या वेळी नवरदेवाची कॉलर उलटली. नवरदेव दचकला, भटजी मंत्र विसरला. मास्तर माझ्याजवळ येऊन, कोणी गेल्याची खबर सांगावी तसे म्हणाले, "दुसऱ्याचा माल हाय, मावशी."

आमच्याकडे शिलाईतली रीत अशी, की कारागीर वेगळा झाला की उस्तादाच्या दुकानाच्या नावापुढे 'न्यू' लावून पाटी टांगतो. त्यात उस्तादाचा मानच समजतात. मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या कारागिरानं तेच केलं, पण दुकान काढलं बरोबर समोर. वर मोरही रंगवून घेतला. पाट्यांवरचे दोन मोर दिवसभर एकमेकांकडे डोळे वटारून बघत, आणि खाली हे दोघे.

गिऱ्हाईक समोर वळायला लागलं. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. दिवाळीला एक जोड शिवणारे लोक जुनाच धुऊन घालत होते. आलेलं एक गिऱ्हाईक गेलं तरी चूल अडायची. मास्तर उठले ते थेट अमरावतीच्या कोर्टात गेले.

मी म्हटलं, "मास्तर, रीतच हाय ना ते?"

"रीत दुसऱ्या गल्लीत, मावशी. इथं माह्या पोटावर पाय हाय."

कारागीर रस्त्यापलीकडून ओरडला, "पोरगं बापाचं नाव लावते, त त्याले कोर्टात नेता का?"

एवढं भांडण, पण तारखेला दोघे एकाच एसटीनं जात. आधी चढेल तो दुसऱ्यासाठी रुमाल टाकून जागा धरी. डबा मास्तरांच्या घरचा. खाता खाता भांडण, भांडता भांडता लोणच्याची फोड. कंडक्टर एकदा म्हणाला, बापलेक दिसता. दोघं एकदमच "नाही" म्हणाले.

निकाल मास्तरांच्या बाजूनं लागला. 'मोरपिसारा' नाव त्यांचं एकट्याचं. मास्तर पेढ्यांचा पुडा घेऊन समोरच्याच दुकानात गेले! या माणसाला अक्कल अशी नव्हतीच. कारागीर सामान बांधत होता.

"पाटी दिवाळीनंतर उतरव. घाई नाही," मास्तर म्हणाले.

"पाटी कोणाले दाखवू, उस्ताद? कापूस बुडाला, गिऱ्हाईकच नाही राहिलं. सुरतले चाललो."

त्यानं एक पेढा घेतला, पाया पडला आणि गेला. त्याचे उरलेले शर्ट मास्तरांनी आपल्या दुकानात आणून टांगले, त्याच्या लेबलासकट. मला राहवलं नाही.

"लेबल उसवत काहून नाही? याच्याचपायी कोर्टात गेलते ना?"

मास्तर एका शर्टाची घडी सारखी करत राहिले.

"गेलतो. तवा तो समोर होता, मावशी."